त्या शेंगा भुईमुगाच्या नव्हेत

लहानपणी चर्चच्या शब्बाथ शाळेत बायबलातला, येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला ऐकताना मला एक गोष्ट कधीच उमगली नाही. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागून घेतो, परदेशात जाऊन सगळा पैसा उडवतो, तिथे दुष्काळ पडतो, डुकरं चारायची पाळी येते, आणि शेवटी डुकरं खातात त्या शेंगा तरी आपल्याला मिळाव्यात असं त्याला वाटायला लागतं. इथवर आलं की बाईंचा आवाज जड व्हायचा. माझ्या डोळ्यांपुढे मात्र भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा यायच्या, गरमागरम, मीठ लावलेल्या. यात रडण्यासारखं काय आहे, हे विचारायचा धीर झाला नाही.

मोठेपणी कळलं की हा घोटाळा माझ्या एकट्याचा नव्हता. मराठीत नुसतं ‘शेंगा’ म्हटलं की भुईमूग, आणि आमटीचा विषय असेल तर शेवगा. यातलं काहीच त्या गोष्टीत बसत नाही. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या सफरींनंतर तो बाकीच्या जगात पसरला, म्हणजे येशूच्या काळात भूमध्य समुद्राभोवती त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्या शेंगा होत्या कोणत्या? उत्तर एका ग्रीक शब्दात आहे, आणि त्या शब्दाचा माग काढत गेलं की माणूस थेट सराफाच्या दुकानात पोहोचतो.

एकदाच आलेला शब्द

लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली ही १६वी ओळ. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतर लिहिलेला भाग, ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि या ओळीत मूळ शब्द आहे ‘केरातिया’. एकवचन ‘केरातियोन’. अख्ख्या नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो.

एकदाच आलेल्या शब्दाची अडचण अशी की त्याचा अर्थ लावायला त्याच ग्रंथातला दुसरा दाखला मिळत नाही. जुन्या पोथीत एखादा अनोळखी शब्द एकदाच आला, तर आपण त्या काळचं वैद्यकाचं बाड, हिशेबाच्या वह्या, शेतीची टिपणं काढून बसतो. इथेही तेच करावं लागतं. सुदैवाने हा शब्द बायबलबाहेर चांगला रुळलेला आहे. झाडाझुडपांवर लिहिणारे, औषधांवर लिहिणारे आणि नाणी मोजणारे असे तिघेही तो वापरतात.

शिंगाड्याचा ग्रीक भाऊ

‘केरास’ म्हणजे शिंग. ग्रीकमध्ये शब्दाला ‘-इयोन’ जोडलं की वस्तू लहान होते, आपण सुरा-सुरी, गाडा-गाडी म्हणतो तशी. तेव्हा केरातियोन म्हणजे इवलंसं शिंग. शेंग वाकडी, कडक, टोकदार. लांबून पाहिलं तर बोकडाच्या शिंगासारखी. नाव पडलं ते तिथून.

आपल्याकडे अगदी याच वाटेने आलेला शब्द उपासाच्या डब्यात बसलेला असतो: शिंगाडा. संस्कृत शृंगाटक, म्हणजे शिंगं असलेला. दोन्हीकडे लोकांनी फळाचा आकार पाहिला आणि शिंग म्हणून मोकळे झाले. भाषाशास्त्रज्ञ तर आणखी पुढची गोष्ट सांगतात. संस्कृत ‘शृंग’ आणि ग्रीक ‘केरास’ हे एकाच प्राचीन धातूतून निघालेले आहेत. म्हणजे शिंगाडा आणि केरातियोन नुसते सारख्या कल्पनेचे नाहीत, दूरचे भाऊबंदही आहेत. मला स्वतःला या माहितीचा फार आनंद झाला होता. आपल्या केसांतलं आणि नखांतलं केराटिनही याच घराण्यातलं.

लूकच्याच पुढच्या अध्यायात आणखी एक भावंड भेटतं. नियमशास्त्राचा एक ‘केराइआ’सुद्धा रद्द होणार नाही, असं तिथे म्हटलंय. केराइआ म्हणजे अक्षराला असलेलं बारीकसं टोक, अक्षराचं शिंग. आपण ज्या अर्थाने काना-मात्रा म्हणतो, त्याच अर्थाने.

झाड कसं असतं?

या शेंगा येतात त्या झाडाला इंग्रजीत कॅरोब म्हणतात, अरबीत खर्रूब, हिब्रूत खारूव. वनस्पतिशास्त्रातलं नाव सेराटोनिया सिलिक्वा; त्या ‘सेराटोनिया’तही तेच शिंग आहे. झाड सदाहरित, डेरेदार, खडकाळ आणि कोरड्या जमिनीत तग धरणारं. पॅलेस्टाईन, सीरिया, सायप्रस, क्रीट हा त्याचा मुलूख. आपल्याकडे ते सहसा दिसत नाही.

शेंग साधारण वीतभर लांब, चपटी, पिकली की चॉकलेटी काळसर होते. आत चिंचोक्यासारख्या कडक बिया आणि त्यांच्याभोवती गोडसर, चिवट गर. लागवडीच्या झाडांच्या शेंगेत निम्म्याच्या आसपास साखर असू शकते. काठ्यांनी झोडपून त्या खाली पाडतात.

डोळ्यांपुढे आणायचं असेल तर मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचा रेन ट्री आठवा. उन्हाळ्यात त्याच्या काळ्या, चिकट शेंगा गाड्यांखाली चिरडून रस्ता कसा होतो, आणि गुरं त्या किती आवडीने खातात! कॅरोबची शेंग दिसायला आणि चिकटपणाला त्याच जातीची, फक्त जास्त कडक आणि जास्त गोड.

आणि तुम्ही कॅरोब कधी खाल्ला नसेल असं समजू नका. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरात ‘स्टॅबिलायझर’ लिहून पुढे आकडे दिलेले असतात. त्यात ४१० असेल तर तो कॅरोबच्या बियांचा डिंक. ४१२ असेल तर आपल्या गवारीचा. दोघांचं काम एकच, बर्फाचे खडे होऊ न देणं.

‘पण ती तर नुसती टरफलं होती ना?’

हा समज इंग्रजीतून आला. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात इथे ‘हस्क्स’ असा शब्द आहे, आणि आजच्या कानाला त्याचा अर्थ टरफलं, फोलपटं, कोंडा असा लागतो. मग प्रवचनांत चित्र उभं राहतं ते असं: दाणे कुणीतरी खाल्ले, उरलेला कचरा डुकरांना घातला, आणि हा त्या कचऱ्यावर टपलाय.

ग्रीक शब्दात कचरा कुठेच नाही. केरातियोन म्हणजे अख्खी शेंग. आणि गंमत म्हणजे कॅरोबच्या बाबतीत माणसं खातात ते टरफलच. बी दातांनी फुटत नाही. गोडवा सगळा बाहेरच्या जाड भागात. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी नेमकं हेच नोंदवतो की या शेंगेचं सालच चघळतात, आणि ती फार गोड असते असंही सांगतो. लॅटिन बायबलातला ‘सिलिक्वा’ हा शब्दही याच शेंगेचं रूढ नाव होता. त्यामुळे आपल्या मराठी बायबलातलं ‘शेंगा’ हे त्या जुन्या इंग्रजी भाषांतरापेक्षा मुळाच्या जवळ आहे.

जनावरांचं खाणं म्हणूनही तिची ओळख होतीच. प्लिनीच्याच काळातला कोलुमेला शेतीवर लिहिताना, डुकरं कुठल्या झाडांच्या रानात चारावीत याची यादी देतो. ओक आणि रानफळांच्या जोडीला तिथे ‘ग्रीक सिलिक्वा’ आहे. म्हणजे गोष्टीतलं दृश्य त्या काळच्या ऐकणाऱ्याला रोजच्या पाहण्यातलं होतं.

‘खाण्याजोग्या होत्या, तर त्याने खाल्ल्या का नाहीत?’

माझ्या मते या ओळीतली सगळ्यात महत्त्वाची शंका हीच, आणि तिला सहसा पुरेसा वेळ दिला जात नाही. शेंगा गोड, पोटाला चालणाऱ्या, समोर पडलेल्या. डुकरं राखणारा तो एकटाच. दोन उचलून तोंडात टाकायला कोणाची हरकत होती?

काही अभ्यासक म्हणतात की हा रानटी कॅरोब असावा. त्याची शेंग बारीक, तुरट, कमी गराची. तसं असू शकेल. पण शब्दावरून रानटी की लागवडीचा हे ठरत नाही, आणि तेवढ्याने शंकाही फिटत नाही. भुकेला माणूस तुरटपणा पाहत बसत नाही.

मला उत्तर क्रियापदांत दिसतं. या ओळीतली तिन्ही मुख्य क्रियापदं ग्रीकमध्ये अशा काळात आहेत की ती क्रिया पुन्हापुन्हा, चालूच राहिलेली असते. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे त्यासाठी रीतिभूतकाळच आहे. डुकरं शेंगा खात. त्यांनी आपलं पोट भरावं असं त्याला वाटे. आणि त्याला कोणी देत नसे. एका दुपारचा प्रसंग नव्हे हा, कित्येक दिवस असंच चाललेलं आहे. रोज शेंगा ओतल्या जात, रोज तो पाहत राही.

‘कोणी देत नसे’ म्हणजे देणारं कोणीतरी होतं. दुष्काळात वैरणीला भाव येतो. डुक्कर वजनावर विकलं जातं, तेव्हा त्याच्या पोटात गेलेली शेंग मालकाला परत मिळते. गड्याच्या पोटात गेलेली परत मिळत नाही. त्यातून हा गडी धड नेमलेलाही नव्हता. आधीच्या ओळीत तो त्या देशातल्या एका नागरिकाला ‘चिकटला’ असं क्रियापद आहे, गोंदाने चिकटावं तसं. अशा माणसाच्या वाट्याची मोजणी कुणी ठेवलेलीच नसते. शेंगा मोजून येत, डुकरांच्या नावाने. त्याच्या नावाने काहीच येत नसे.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, आठवण ज्यांच्या घरात अजून निघते, त्यांना यातली बोच वेगळी सांगायला नको. अमेरिकेत जे मुख्यतः जनावरांना घालतात, ते आपण खाल्लं, असं म्हातारी माणसं सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात भुकेपेक्षा मान जास्त दुखावलेला असतो. या मुलाला तर तेही मिळालं नाही. शिवाय तो यहुदी घरातला, डुक्कर हा त्याला नियमाने निषिद्ध प्राणी; त्या प्राण्याच्या पंगतीलाही त्याचं पान नाही.

लूक ही भूक पुढे आणखी एकदा आणतो. १६व्या अध्यायात श्रीमंताच्या दारात पडलेला लाजर नावाचा भिकारी आहे, मेजावरून पडलेल्या तुकड्यांनी पोट भरावं असं त्याला वाटतं. महत्त्वाच्या जुन्या हस्तलिखितांत दोन्ही ठिकाणी ‘वाटणं’ आणि ‘पोट भरणं’ ही क्रियापदं तीच आहेत. उधळ्याची भूक आणि निरपराध गरिबाची भूक लूकने एकाच शब्दांत लिहिली, हे मला फार मोठं वाटतं. याने स्वतःच्या हाताने घर बुडवलं म्हणून त्याच्या भुकेचा शब्द हलका केलेला नाही.

आणि मग मुलगा पस्तावून घरी परतल्यावर बाप मेजवानीसाठी कापायला लावतो ते वासरू. त्याला ग्रीकमध्ये जे विशेषण आहे ते धान्य या शब्दापासून बनलेलं: धान्य घालून पोसलेलं. परदेशात माणसाला जनावराच्या शेंगा मिळत नव्हत्या, बापाच्या गोठ्यात वासरूसुद्धा माणसाचं धान्य खात होतं. टरफलांचं चित्र मनात ठेवून वाचलं की हा धागा हाताला लागत नाही.

‘येशू ग्रीक कुठे बोलत होता?’

बरोबर आहे, लोकांशी तो बहुधा अरामी भाषेत बोलत असे. पण इथे भाषांतराने फारसं काही हरवलं नसावं. अरामी घराण्यातल्याच सिरियाक भाषेत बायबलचं जे प्राचीन भाषांतर झालं, त्यात याच जागी खर्रूबचाच शब्द आहे. त्या प्रदेशातल्या, त्या झाडाच्या सावलीत वाढलेल्या लोकांनी ग्रीक शब्द वाचून हेच झाड ओळखलं.

यहुदी परंपरेतही ही शेंग गरिबीची खूण होती. बायबलातल्या लेवीय पुस्तकावरच्या एका मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींनी, यहुदी धर्मगुरूंनी, केलेल्या विवरणात, एक वचन आहे: इस्राएलला खारूव खायची पाळी येते तेव्हा ते पश्चात्ताप करतात. तिथे शब्दांचा खेळही आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ‘तलवार तुम्हाला खाईल’ अशी धमकी आहे. हिब्रूत तलवार म्हणजे खेरेव, आणि रब्बी ते खारूव असं वाचून दाखवतात. हे विवरण लूकनंतर काही शतकांनी संकलित झालं, तेव्हा येशू ही म्हण उद्धृत करत होता असं म्हणता येणार नाही. पण शेंग, कंगाली आणि परत फिरणं ही सांगड त्या मातीतच होती, एवढं नक्की दिसतं.

तिथेच दुसरी बाजूही आहे. तालमुद या यहुदी धर्मग्रंथात शिमोन बार योखाय नावाचा रब्बी आणि त्याचा मुलगा रोमनांपासून लपून गुहेत राहतात, तेव्हा चमत्काराने एक खारूवचं झाड आणि एक झरा उगवतो आणि दोघं त्यावर वर्षानुवर्षं जगतात. खनिना बेन दोसा नावाचा सत्पुरुष शुक्रवार ते शुक्रवार एका मापभर खारूववर काढायचा. म्हणजे ही शेंग घाण नव्हती. ज्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही त्याचं ते अन्न होतं. अगदी अलीकडे, जर्मन ताब्यातल्या ग्रीसमध्ये १९४१-४२च्या दुष्काळात लोकांनी याच शेंगांवर दिवस काढले.

‘मग योहान खायचा ते टोळ म्हणजे हेच का?’

नाही. बाप्तिस्मा करणारा योहान टोळ आणि रानमध खात असे, हे वाचून शाकाहारी मनाला धक्का बसतो, म्हणून ‘टोळ म्हणजे कॅरोबच्या शेंगा’ असा अर्थ फार पूर्वीपासून लावला गेला. जर्मन भाषेत तर या शेंगेचं नावच ‘योहानाची भाकर’ असं आहे. पण तिथला ग्रीक शब्द ‘आक्रिस’ हा वेगळा आहे आणि त्याचा अर्थ सरळ टोळ, उडणारा किडा. लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायात काही जातींचे टोळ खायला परवानगीही आहे.

सराफाच्या पेढीवर

आता कबूल केलेला दुसरा धागा. सोन्याने २०२५ साली तोळ्यामागे लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हापासून घरोघरी २२ कॅरेट की १८ कॅरेट ही चर्चा आहे; त्याच वर्षी ९ कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळू लागला. हा ‘कॅरेट’ म्हणजेच केरातियोन. ग्रीकमधून अरबीत तो ‘कीरात’ झाला, तिथून इटालियन, फ्रेंच करत जगभर गेला.

कारण पूर्वी कॅरोबची बी सूक्ष्म वजनाला वापरत. आपल्या सोनारांनी गुंज वापरली, तशीच. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक जुन्या लोकांना पाठ असे. रोमनांच्या हिशेबात चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टन्टाइनने सॉलिडस नावाचं सोन्याचं नाणं पाडलं, सुमारे साडेचार ग्रॅमचं. त्याचे भाग २४, एकेक भाग म्हणजे एक केरातियोन, लॅटिनमध्ये सिलिक्वा. २४ पैकी २४ भाग सोनं म्हणजे शुद्ध, ही मोजणी त्याच २४च्या हिशेबाची. २२ भागिले २४ करून पाहा, ०.९१६ येईल. तुमच्या बांगडीवरचा ९१६ तो हाच. हिऱ्याच्या वजनाचा कॅरेटही याच बीचा. १९०७ साली तो २०० मिलिग्रॅम असा पक्का ठरवला गेला.

‘कॅरोबच्या सगळ्या बिया अगदी एका वजनाच्या असतात, म्हणून त्या निवडल्या’ हे वाक्य सगळीकडे सापडतं, पण ते खरं नाही. २००६ साली शास्त्रज्ञांनी बिया प्रत्यक्ष तोलून पाहिल्या, तेव्हा इतर झाडांच्या बियांइतकाच फरक त्यांच्यातही निघाला. मात्र नजरेने सारख्या बिया निवडणं माणसाला बऱ्यापैकी जमतं, असंही दिसलं. गुंजा निवडून घेणाऱ्या सोनाराला हे सांगायची गरज पडली नसती.

मराठीत काय लिहावं?

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल असं बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली. त्या ध्यासासमोर माझी सूचना अगदी लहान आहे. ‘शेंगा’ हा शब्द बदलू नये. ‘कॅरोबच्या शेंगा’ लिहिलं तर खेड्यातल्या वाचकाला काहीच दिसणार नाही, ‘टरफलं’ लिहिलं तर चुकीचं दिसेल. ‘रानच्या शेंगा’ केलं तर भुईमूग आपोआप बाजूला होतो, पण रानटी की लागवडीचा हा निर्णय आपण मुळावर लादतो. शब्द तोच ठेवून खाली एक ओळीची टीप द्यावी: भूमध्य समुद्राकाठच्या एका झाडाच्या गोड, कडक शेंगा, जनावरांचं खाणं, आणि गरिबांचंही.

मुलांना शिकवणाऱ्यांसाठी याहून सोपा उपाय आहे. मार्च-एप्रिलमध्ये रेन ट्रीखाली पडलेली एखादी अख्खी शेंग धुऊन वर्गात न्यावी आणि ती ओळ वाचण्याआधी सगळ्यांच्या हातांतून फिरवावी. मोडली की वास गोड येतो, बोटं चिकट होतात. मग वाचावं, त्याला कोणी देत नसे.